सुपारीएवढे, लिंबाएवढे

बर्फ फुटून नऊ दिवस झाले.
हात बुडवला की मनगटातलं हाड न् हाड
आपलं नाव सांगतं.
आर्वो लाहती वल्हं मारतो.
मी काठावरून ओणवी,
काचेच्या बुडाची बादली पाण्यात दाबून
तिच्यात तोंड खुपसलेली.
किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटत असेल,
बाईला बोट लागली.

फॉर्मवर रकाने आहेत: वाळू, खडी, गोटे, धोंडे,
आणि पुढे इंच.
मला इंचात दिसत नाही.
मला दिसतो हरभरा, सुपारी, आवळा, लिंबू;
नारळ आला की मी पुढच्या रकान्यात जाते.
सुपारी म्हणजे केवढी, आर्वोनं विचारलं होतं.
बोटांनी दाखवली.
आता तोच ओरडतो टोकावरून, "सूऽपारी आहे का?"
पहिलं अक्षर ताणून,
जणू ते मिनेसोटातलंच एखादं गाव.

तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत काढलेला माणूस.
पहिल्या दिवशी म्हणाला,
मासा शोधू नकोस,
तो तुला बघून गेलेला असतो.
फटी बघ.
दोन दगडांमधली जागा मोकळी आहे
की गाळानं लिंपलीय, एवढंच.
अंडं तिथं पडतं
आणि वॉलायची मादी मागं वळून बघत नाही.
हजारातलं एखादं जगतं.
तेही फट असली तर.

तेव्हापासून मी गोटे उचलते.
खालून धूर उठला की फुली.

चौदा नंबरला ओकरस्ट्रॉम बाईंचा धक्का.
नातवंडांसाठी त्यांनी दोन ट्रक वाळू टाकून घेतलीय,
भाजलेल्या रव्यासारखी, एकसारखी.
त्या कॉफी घेऊन आल्या.
"किती छान दिसतो ना तळ?"
"खूप छान," मी म्हटलं,
आणि कोपर आडवं धरून
शून्य लिहिलं.
कॉफी चांगली होती. दोन कप प्यायले.

सतरा नंबर हायवेखालच्या मोरीपाशी.
वारा सगळा इथंच येऊन आपटतो.
एक टायर, फेस, बीअरचा चेपलेला डबा.
तिथं कुणी धक्का बांधलेला नाही,
कुणी बांधणारही नाही.
बादलीत डोकं घातलं
आणि बराच वेळ वर काढलंच नाही.
सुपारी, सुपारी, आवळा, लिंबू,
सगळे धुतलेले, कुणी कुणाला चिकटलेलं नाही,
मधे काळ्या काळ्या फटी.
डबासुद्धा आतून स्वच्छ.
"जिवंत आहेस ना?" आर्वोनं विचारलं.

रात्री टॉर्च घेऊन पुन्हा गेलो,
दिवसा लिहिलेलं खरं का बघायला.
चौदाला वाळूच्या सुरकुत्या,
आणि ओकरस्ट्रॉम बाईंच्या खिडकीत टीव्ही.
सतराला आधी वाटलं, काचा पडल्यात.
मग काचा वळल्या.
जोडी जोडीनं, चांदीच्या,
गुडघाभर पाण्यात, आमच्या बुटांपासून हातभर.
पाठी एकमेकींना घासत होत्या
आणि पाणी उकळल्यासारखं.
आर्वो फिनिशमध्ये मोजत होता, मी मराठीत.
त्याचे एकतीस भरले, माझे सत्तावीस.
भांडलो थोडे, कुजबुजत.
शेवटी लिहिलं: अंदाजे.

घराच्या दारात त्यानं मला उतरवलं.
पोर्चच्या दिव्याखाली हातमोजा काढताना
अंगठ्यावर काहीतरी चमकलं.
पिवळसर. चिकट. एकच.
हरभऱ्याच्या अलीकडं
फॉर्मवर रकानाच नाही.
ट्रकचं इंजिन अजून चालू होतं.
काचेवर टकटक केली, अंगठा वर धरला.
त्यानं आतला दिवा लावला,
चष्मा शोधला,
बघितलं.
"मोहरी," मी म्हटलं.
हा शब्द त्याला माहीत नव्हता.
त्यानं विचारलाही नाही.
कॉफीच्या थर्मासचं झाकण काढून
त्यात तळ्याचं पाणी ओतलं बुटातून,
माझा अंगठा त्यात बुडवून ठेवायला लावला
आणि ट्रक उलटा वळवला.

एकोणीस मैल.
मधे रस्त्यावर एक हरीण उभं होतं,
थांबावं लागलं.
अंगठा बधिर झाला होता.